उर्फ दीदी

माणूस मोठा होतो तो मार्गदर्शनामुळं. हे सत्य पहिल्यांदा कोणी सांगितलं याची नोंद नाही; पण सांगणारा स्वतः मार्गदर्शक असणार आणि ऐकणारा त्या वेळी काहीतरी काम करत असणार, एवढं खात्रीनं म्हणता येतं.

वित्तसेवा क्षेत्रानं हे सत्य फार मनावर घेतलं आहे. इतर धंद्यांत माणसं काम करता करता शिकतात. वित्तसेवेत असला ढिसाळपणा चालत नाही. तिथं शिकवण्याचा वेगळा विभाग असतो, विभागाला प्रमुख असतो, प्रमुखाला गाडी असते, आणि शिकायला जो येतो त्याला पाण्याची बाटली मिळते.

कल्पतृप्ती गृहवित्त कंपनीची रायपूर शाखा हे याचं आदर्श उदाहरण. शाखा बूढ़ापाऱ्यात, तलावाकडून आत शिरणाऱ्या गल्लीत, सायकल दुरुस्तीच्या दुकानावरच्या मजल्यावर आहे. (नवीन राज्य झालं तेव्हा कंपनीनं ही जागा 'राजधानीला शोभेल असं कार्यालय मिळेपर्यंत, तात्पुरती' म्हणून घेतली. या हकिगतीच्या वेळी राज्य अठरा वर्षांचं झालं होतं. तात्पुरतेपणाची प्रकृती उत्तम होती.)

या शाखेत रुजू झालेली पहिली व्यक्ती म्हणजे श्रीमती शर्मिष्ठा वासुदेव मोहरील, कर्मचारी क्रमांक ११४, बी. कॉम., माहेर वर्धा, सासर रेल्वे. ती आली तेव्हा शाखेत एक टेबल, एक खुर्ची आणि फॉर्मांचे नऊ गठ्ठे होते. आठवड्यानं भोपाळहून पहिले शाखा व्यवस्थापक आले. त्यांनी खुर्ची घेतली आणि विचारलं, "दीदी, फॉर्म कहाँ रखे हैं?"

ती तेव्हा तेवीस वर्षांची होती. साहेब एक्कावन्न.

इथं रायपूरबाहेरच्या वाचकांसाठी खुलासा करणं भाग आहे. आमच्याकडं परक्या बाईला 'दीदी' म्हणतात आणि परक्या पुरुषाला 'भैया'. दोन्ही शब्द सारखेच आदराचे. फरक एवढाच की भैयाला बढती मिळाली की तो दुसऱ्या दिवशी सकाळी 'सर' होतो. दीदीचं काहीच होत नाही. बारकाईनं पाहिलं तर दीदी हे संबोधन नसून पद आहे. या पदाला वेतनश्रेणी नाही, निवृत्तीचं वय नाही आणि वरची पायरी नाही. अशी सुरक्षित नोकरी आजच्या काळात कुठं मिळते?

दीदी या पदाची कर्तव्यं कुठं लिहिलेली नाहीत, त्यामुळं ती कधी संपतही नाहीत. नव्या साहेबांना फॉर्म कुठं आहेत ते सांगणं. त्या फॉर्मात काय भरायचं ते सांगणं. मग ते भरणं. मुंबईच्या मुख्यालयातून तपासणी आली की फाइली काढून देणं, आणि तपासणी गेली की साहेबांना पाणी. उरला औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यातून पाळी संपवून धुळीनं माखलेले कामगार कर्जाची चौकशी करायला यायचे, त्यांच्याशी छत्तीसगढीत बोलणं, कारण साहेबांना ती येत नव्हती आणि शिकायला वेळ नव्हता. दुपारी डबा खाऊन झाल्यावर सत्यभामाला, म्हणजे शाखेची झाडझूड करणाऱ्या बाईला, पाटीवर अक्षरं गिरवायला देणं. (या शेवटच्या कर्तव्याचा कंपनीशी संबंध नव्हता. त्याला विहित नमुना नव्हता, सबब त्याची नोंदही नाही.)

अठरा वर्षांत तिच्या हाताखालून सात पोट्टे गेले. गेले म्हणजे वर गेले. शाखेत नवा मुलगा येई, तिच्या टेबलाशेजारी स्टूल ओढून बसे, "दीदी, ये क्या होता है?" असं साधारण चारशे वेळा विचारी, आणि सरासरी दोन वर्षं चार महिन्यांत तिचा साहेब होई. साहेब झाला की प्रश्न बंद होत नसत, फक्त स्टुलाऐवजी इंटरकॉमवरून येत. सातांपैकी चार जण आता झोनल हेड आहेत. त्यातला एक निरंजन. घर मराठीच, आई अमरावतीची. मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र हिंदीत देतो, कारण त्याच्या मते मराठी ही ऐकायची भाषा आहे.

मी या शाखेचा जुना ठेवीदार. दर वर्षी ठेवीचं नूतनीकरण करायला जातो आणि तिच्या टेबलावर कोपर टेकून गप्पा मारतो. एकदा मी विचारलं, "दीदी, तुला बढती नको का?"

ती म्हणाली, "बढतीचं जाऊ द्या काका. मले दरवाजा पाहिजे."

"दरवाजा?"

"केबिनले दरवाजा असते ना. माणूस येते, टकटक करते, 'आत येऊ का' म्हणते. अठरा वर्षं झाले, मले कोणी विचारलं नाही आत येऊ का म्हणून. जो येते तो टेबलावर कोपर टेकून उभा राह्यते."

मी सहानुभूतीनं मान हलवली. कोपर काढायचं राहून गेलं.

*

दीदीकडं शाखेचं आणखी एक खातं होतं: ग्राहकाची ओळख पटवणं. अर्जदाराचं नाव सगळ्या कागदांवर काना, मात्रा, वेलांटीसकट एकसारखं हवं, हा नियम. छत्तीसगढात निम्मी जनता साहू आहे; त्यातली निम्मी 'साहु' ऱ्हस्व लिहिते. अशा हजारो साहूंचं दीर्घीकरण तिनं एकटीनं केलं. गुढ़ियारीचा भैय्यालाल, उरल्याच्या रोलिंग मिलमधला कामगार, दोन खोल्या बांधायला कर्ज मागायला आला. आधार कार्डावर त्याच्या नावात दोन य होते, रेशन कार्डावर एक. दीदीनं परत पाठवलं. तो पुन्हा आला, तेव्हा रेशन कार्ड सुधारलं होतं पण आता वीजबिलात एकच य निघाला. अशी चार पत्रं तिनं त्याला पाठवली, प्रत्येक पत्राखाली स्वच्छ, पूर्ण सही. पाचव्या खेपेला कर्ज मंजूर झालं. भैय्यालालनं पेढे वाटले. दीदीच्या टेबलाला वळसा घालून.

"त्या एका य-नं काय बिघडलं असतं?" मी विचारलं.

"आज य सोडला तर उद्या माणूस बदलते काका," ती म्हणाली. "नाव म्हणजे नाव."

हे वाक्य पुढं तिला महागात पडलं.

*

त्या वर्षी मुंबई मुख्यालयाच्या असं लक्षात आलं की कंपनीच्या एकशे बारा शाखांत एकही महिला शाखा व्यवस्थापक नाही. हे लक्षात कसं आलं? वार्षिक अहवालाच्या मुखपृष्ठावर फोटो टाकायला महिला शाखा व्यवस्थापक शोधली, ती सापडली नाही. मुखपृष्ठावर मग सूर्योदय छापला आणि 'दीपशिखा महिला मार्गदर्शन योजना' जाहीर केली.

योजना थोर होती. दहा वर्षांवर नोकरी झालेल्या प्रत्येक महिलेला एक मेंटॉर मिळणार. मेंटॉर किमान झोनल हेड असावा. झोनल हेड सगळे पुरुष होते, पण त्याला योजनेचा इलाज नव्हता; महिला झोनल हेड तयार करण्यासाठीच तर योजना होती. दर महिन्याच्या पहिल्या मंगळवारी पंचेचाळीस मिनिटं मार्गदर्शन व्हावं, त्याचा अहवाल विहित नमुन्यात यावा.

दीदीच्या वाट्याला मेंटॉर म्हणून निरंजन सर आले.

पहिल्या मंगळवारी सर केबिनमध्ये बसले, दीदी समोर बसली. सरांनी मुख्यालयाची पुस्तिका उघडली. पुस्तिका इंग्रजीत होती. सरांनी ती मिटली.

"दीदी," सर हळूच म्हणाले, "ये मेंटॉरिंग वाला फॉर्म कैसे भरते हैं?"

दीदीनं फॉर्म भरला. 'आज मेंटॉरनं काय शिकवलं?' या रकान्यात तिनं 'आत्मविश्वास' लिहिलं. दुसऱ्या महिन्यात 'नेतृत्व'. तिसऱ्या महिन्यात निरंजन सरांची तिमाही समीक्षा होती. ती तयार करायची कशी हे तिनं पंचेचाळीस मिनिटं समजावलं आणि रकान्यात 'वेळेचं व्यवस्थापन' लिहिलं. चौथ्या महिन्यात सरांनी खरंच एक सल्ला दिला. म्हणाले, "दीदी, आप दिखती नहीं हो. थोड़ा दिखना पड़ता है." हे बोलताना त्यांनी चहाचा रिकामा कप तिच्या हातात दिला.

"हव," दीदी म्हणाली.

सहाव्या महिन्यात मुख्यालयानं विचारलं, श्रीमती अमुक शाखा व्यवस्थापक होण्यास पात्र आहेत काय? असल्यास त्यांच्यासोबत काम केलेल्या सात वरिष्ठांची शिफारसपत्रं पाठवा.

सात! देवानं मोजून दिल्यासारखे. दीदीनं साती जणांना फोन केला आणि साती जण खऱ्या आनंदानं ओरडले. यात उपरोध नाही. त्या मुलांचं तिच्यावर प्रेम होतं. "अरे दीदी, आपके लिए तो जान हाज़िर है!" प्रत्येकानं सांगितलं आणि पुढं विचारलं, "लिखना क्या है? आप ही ड्राफ्ट भेज दो ना."

दीदीनं सात वेगवेगळ्या शैलींत सात शिफारसपत्रं लिहिली. एकात ती निष्ठावान होती, दुसऱ्यात दूरदर्शी, तिसऱ्यात तर तिच्यामुळं शाखेचा कायापालट झाला होता. फक्त एक गोष्ट तिनं केली नाही. 'शिफारस करण्यात येत असलेल्या कर्मचाऱ्याचं पूर्ण नाव' ही जागा तिनं कोरी ठेवली. नियमच होता तसा: नाव शिफारस करणाऱ्यानं स्वतःच्या हस्ताक्षरात लिहावं. एवढंच त्यांना करायचं होतं.

साती जणांनी नाव स्वतःच्या हस्ताक्षरात लिहिलं.

पंधरा दिवसांनी मुंबईहून आदेश आला. शाखेत टाळ्या वाजल्या. निरंजन सरांनी मोठ्यानं वाचला: "रायपूर शाखेच्या व्यवस्थापकपदी श्रीमती शर्मिष्ठा दीदी यांची नियुक्ती करण्यात येत आहे."

टाळ्या चालूच राहिल्या. कोणालाही त्यात काही चुकल्यासारखं वाटलं नाही. दीदी मात्र उभी होती ती खाली बसली.

*

मुंबईला 'दीदी' हे आडनाव वाटलं. यात त्यांचा दोष नाही. सात वरिष्ठ अधिकारी एकमुखानं लिहितात म्हटल्यावर कोणालाही वाटेल. गांधी, लोधी, तसे हे छत्तीसगढातले दीदी. पण वेतनाच्या संगणकात शर्मिष्ठा दीदी नावाचं कोणी नव्हतं. संगणकानं चोवीस तासांत कळवलं: नाव जुळत नाही. सात दिवसांत ओळख पटवून न दिल्यास नियुक्ती यादीतल्या पुढच्या उमेदवारास देण्यात येईल.

पुढचा उमेदवार विशाल. नोकरी एक वर्ष अकरा महिने. सध्याचं स्टूल त्याचंच होतं. "दीदी, नाम मिसमैच में क्या लगता है?" त्यानं काळजीनं विचारलं. तो आधी तिच्याकडूनच शिकला होता, पण विसरला होता.

"शपथपत्र लागते," दीदी म्हणाली. "दोन साक्षीदारांसकट."

कचहरीत शालिग्राम वकील नोटरी आहेत. पत्र्याच्या शेडखाली बसतात आणि तत्त्वाला पक्के. दीदीनंच अठरा वर्षं लोकांना त्यांच्याकडं पाठवलेलं. म्हणायची, 'शालिग्रामजींकडं जा, ते खोटं चालवत नाहीत.' शालिग्रामजींनी तिलाही खोटं चालवलं नाही. "पाँच साल से पहचानने वाले दो गवाह. घरवाले नहीं चलेंगे. और गवाह शपथपत्र देखने से पहले, मेरे सामने, अपने हाथ से आपका पूरा नाम लिखेगा. पर्ची देखकर लिखने वाला गवाह मैं नहीं लेता."

दीदीनं पुन्हा सातांना फोन लावले. दोघे बैठकीत होते. एकानं "ज़रूर आऊँगा" सांगून विचारलं, "वैसे दीदी, आपका पूरा नाम क्या लिखना है?" निरंजन सर दिल्लीला होते, तिथं त्यांना 'अपनी टीम को पहचानिए' या विषयावर भाषण द्यायचं होतं.

"सांगून टाक ना नाव," मी म्हणालो. "पाठ करून येतील."

"मीच सांगू?" ती माझ्याकडं बघत राहिली. "लोकाईले एका य-साठी चार चार चकरा मारायले लावल्या मी. आता माझ्या वेळेस पर्ची देऊ? मंग ते भैय्यालालचं काय काका?"

पाच दिवस गेले. सहाव्या दिवशी मी स्वतःहून साक्षीदार व्हायचं ठरवलं. अठरा वर्षांची ओळख! माझ्यासारखा साक्षीदार शोधून सापडला नसता. दीदीला घेऊन कचहरीत गेलो, खुर्ची झटकून बसलो, शालिग्रामजींनी कोरा कागद पुढं केला. मी वळणदार अक्षरात 'शर्मिष्ठा' लिहिलं आणि पेन थांबलं.

मी पेन झटकलं. शाई उत्तम होती.

"आगे?" शालिग्रामजी म्हणाले.

"दीदी," मी म्हणालो.

"वही तो मुकदमा है, साहब."

दीदीनं माझ्याकडं पाहिलं नाही, यामागं तिची सभ्यता होती. मी मान खाली घातली. तेवढ्यात मागून सत्यभामा आली. ती दीदीचा डबा घेऊन आली होती, जेवण राहून गेलं म्हणून. "का लिखना हे?" तिनं विचारलं. शालिग्रामजींनी सांगितलं. तिनं पदराला हात पुसले, जीभ किंचित बाहेर काढून, प्रत्येक अक्षरावर दम घेत, पूर्ण नाव लिहिलं. पहिलं नाव, नवऱ्याचं नाव, आडनाव. वेलांटी जिथं दीर्घ हवी तिथं दीर्घ.

"तुम्हें कैसे मालूम?" शालिग्रामजींनी विचारलं.

"पाटी म सबले पहिली इही लिखवाए रिहिस," ती म्हणाली. "मैं कहेंव, मोर नाव बाद म. जेन सिखात हे, पहिली ओकर." शिकवणारीचं नाव आधी, स्वतःचं नंतर, हा तिचाच हट्ट.

एक झाला. नियमानं दोन लागतात. पाच वाजले की नोटरीचा शिक्का पेटीत जातो, आणि उद्या सातवा दिवस रविवार. साडेचारला दीदी उठली. म्हणाली, "राहू द्या. विशालले मी सांगीन सगळं समजावून." तिनं डबा उघडलासुद्धा नव्हता.

"बहनजी!"

शेडच्या दुसऱ्या टोकाला भैय्यालाल उभा होता. मुलाच्या शाळेच्या कागदांत परत एक य कमी निघाला होता, म्हणून तो आला होता. (ही त्याची कचहरीतली नववी खेप. तिथला चहावाला त्याला नावानं ओळखतो. कोणत्या नावानं, ते विचारू नये.) काय चाललंय ते त्यानं ऐकून घेतलं आणि बराच वेळ हसत राहिला.

"नाव के गड़बड़? तुँहर?" तो म्हणाला. "एक ठन य बर चार बेर दउड़ाय हव मोला!"

"हव," दीदी म्हणाली. "दउड़ाय हँव."

भैय्यालालनं कागद ओढला आणि न थांबता पूर्ण नाव लिहिलं, आडनावासकट, काना-मात्रेसकट. पिशवीतून प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली चार पत्रंही काढून पुढं ठेवली. चारींवर तीच सही. "चार साल ले रोज पढ़थँव," त्यानं शिवी देण्याचा नियम सांगितला. "गारी देना हे त पूरा नाव ले देना चाही."

चार वर्षं की पाच, असा मुद्दा शालिग्रामजींनी काढला. पहिल्या पत्राची तारीख पाहिली: पाच वर्षं, दोन महिने. शिक्का बसला तेव्हा पाचाला सात मिनिटं कमी होती.

*

कायद्याच्या भाषेत दोन नावांची एकच व्यक्ती 'उर्फ'नं जोडतात. मुख्यालयानं शपथपत्र स्वीकारलं आणि केबिनबाहेर पितळी पाटी लावली: आधी पूर्ण नाव, मग 'उर्फ दीदी', मग 'शाखा व्यवस्थापक'. पोलीस ठाण्याच्या फलकावर लावतात तशी दिसते. वसुलीवर तिचा चांगला परिणाम झाला आहे, असं कळतं.

निरंजन सरांना 'सर्वोत्कृष्ट मेंटॉर'चा पुरस्कार मिळाला. कंपनीची पहिली महिला शाखा व्यवस्थापक त्यांनी घडवली, तेव्हा मिळायलाच हवा होता. स्वीकाराचं भाषण त्यांनी दीदीकडूनच लिहून घेतलं. या वेळी तिनं नावाची जागा कोरी सोडली नाही. आडनाव मोठ्या अक्षरांत टाइप केलं आणि अधोरेखित केलं. भाषणात सर तिथवर आले, चष्मा वर केला, आणि टाळ्यांच्या कडकडाटात म्हणाले, "हमारी सबकी दीदी!"

मी परवा अभिनंदन करायला गेलो. केबिनचं दार ढकललं, "काय दीदी!" म्हणालो आणि सवयीनं टेबलावर कोपर टेकलं.

तिनं फाइलीतून मान वर केली. "काका," ती म्हणाली, "बाहेर जा. दरवाजा वाजवा. मंग या."

मी गेलो. वाजवला. 'आत येऊ का' असंही विचारलं. पाटीसमोर उभा होतो, म्हणून या वेळी पूर्ण नावानं विचारलं.

राहता राहिले तुम्ही. निरंजनला हसलात, मुंबईला हसलात, माझं पेन थांबलं तेव्हा तर मनापासून हसला असाल. भैय्यालालच्या नावात किती य आहेत हे आता तुम्हाला झोपेतही सांगता येईल. तर मागं न पाहता एवढंच सांगा: तिचं आडनाव काय? मी सुरुवातीलाच सांगितलं होतं, कर्मचारी क्रमांकासकट.

आठवत नसेल तर वाईट वाटून घेऊ नका. कंपनीत सध्या मेंटॉरच्या जागा भरणं चालू आहे आणि तुम्ही पात्र आहात. अर्ज भरायला अवघड नाही. दीदीला विचारा.